डावी बाजू

म्झुझू शहराच्या बाजारात खुंबो न्यिरेंदाची रेडिओ-मोबाईल दुरुस्तीची टपरी आहे. हाताला गुण आहे, तोंडाला मात्र विसावा नाही. इअरफोनचं एक टोक कायम उजव्या कानात, दुसरं छातीवर लोंबतं. डावा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा. त्यामुळे स्वतःच्या जुन्या प्लेअरची डावी बाजू बंद पडली तेव्हा त्याचं काही अडलं नाही. लोकांच्या वस्तू तासाभरात बऱ्या करणारा हा माणूस स्वतःच्या वस्तूला हात लावील तर शपथ.

त्या प्लेअरवर गाणी रेकॉर्डही करता यायची. नऊ वर्षांपूर्वी ईस्टरला त्याने चर्चमधलं गाणं भरलं, दोन माईक लावून. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. त्याची बायको न्यागोंद्वे बायकांत सगळ्यांत पुढे होती. गायकांच्या म्होरक्याने तिला विचारलं होतं, पुढच्या रविवारपासून गाण्याची पहिली ओळ तू उचलशील का? ती म्हणाली होती, आधी माझा आवाज ऐकते, मग सांगते.

घरी शेजारणी बसल्या होत्या. खुंबोने आधी ऐकलं आणि हसायला लागला.

"काय गं, गेली होतीस ना गायला? मला तर नुसते बाप्येच ऐकू येतायत. तुझा आवाज दुर्बीण लावून शोधावा लागेल."

शेजारणी फिदीफिदी हसल्या. न्यागोंद्वेने दोन्ही टोकं कानांत घालून गाणं पुरतं ऐकलं, तिलाही आपला आवाज कुठे सापडला नाही, आणि तिने प्लेअर परत दिला. दुसऱ्या दिवशी तिने म्होरक्याला नाही म्हणून कळवलं. पुढे गायकांत जाणंही सोडलं. खुंबोला वाटलं, घरकामातून होत नसेल. अख्ख्या बाजाराच्या वायरी ज्याला पाठ, त्याला एवढं सुचू नये, याला काय म्हणावं?

गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाला हेडफोन खुपसायचा जॅक हवा होता. सुटा मिळेना, म्हणून खुंबोने अडगळीतला आपलाच प्लेअर उघडला. जॅकच्या डावीकडच्या पायाचा कथलाचा डाग सुटला होता. हाताच्या सवयीने त्याने तिथे नवा डाग दिला आणि तपासायला दोन्ही टोकं कानांत घातली. डाव्या कानात बायका गायला लागल्या. त्यांत सगळ्यांच्या वर न्यागोंद्वे, भरदार गळ्याची, कुठेही न कापणारी. समोर गिऱ्हाईक हाका मारत होतं, त्याचं लक्षच नव्हतं.

जॅक त्याने काढला नाही. घरी आला तेव्हा ती मक्याच्या पिठाचा न्सिमा घोटत होती. त्याने इअरफोन तिच्या कानांत घातला. हातातला डाव तसाच धरून तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"जॅक बिघडला होता गं," तो म्हणाला. "डावी बाजू बंद होती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. तेव्हा डोक्यातच आलं नाही."

"म्हणजे मी बरी गात होते."

"फार चांगली गात होतीस. चुकलो मी. या रविवारी मी स्वतः म्होरक्याला सांगतो, हिला परत घ्या म्हणून."

तिने इअरफोन काढून त्याच्या हातात ठेवला.

"नऊ वर्षं झाली, दर रविवारी चर्चमध्ये तुमच्या शेजारी उभी राहून मी नुसते ओठ हलवते," ती म्हणाली. "तुम्हाला अजून कळलं नव्हतं?"