माझ्या मेहुण्यांची पहिली पसंती

माझ्या मेहुण्यांइतका लोकशाहीवर जीव टाकणारा, आणि त्यापायी जवळच्या माणसांचा जीव खाणारा गृहस्थ अख्ख्या आयर्लंडात दुसरा सापडायचा नाही. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. ती त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. मूळचे नागपूरचे, गेली बरीच वर्षं पोर्टलीशला इस्पितळात भूल देणारे डॉक्टर आहेत. दिवसभर माणसांना झोपवायचं काम असल्यामुळे की काय, इस्पितळाबाहेर कोणी डोळे मिटलेले त्यांना खपत नाहीत. इथलं नागरिकत्व मिळाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांनी नव्या पासपोर्टवर सुट्ट्यांचे बेत आखले. दादा त्याच आठवड्यात एका राजकीय पक्षाचे सभासद झाले. "नुसता पासपोर्ट घेऊन काय करता, जावईबापू? देश घेतला, तर तो चालवायला नको?" असं त्यांनी मला विचारलं, आणि मी अजून सभासद का झालो नाही याबद्दल तासभर माझी उलटतपासणी घेतली.

इथली पसंतीक्रमाची मतदानपद्धत तर त्यांना इतकी आवडली, की ती त्यांनी थेट स्वयंपाकघरात आणली. एका रविवारी आम्ही आमच्या गावाहून, मेनूथहून, त्यांच्याकडे गेलो होतो. आणखी दोन कुटुंबं होती, सगळे मिळून नऊ जण. नाश्त्याला काय करायचं, हे वहिनींनी अर्थातच आधीच ठरवलं होतं. पण दादांनी प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी दिली. खिचडी, उपमा आणि पोहे यांच्यापुढे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे होते. पहिल्या फेरीत खिचडीला चार मतं, उपम्याला तीन, पोह्यांना दोन. पोहे बाद झाले, त्यांची दोन्ही मतं दुसऱ्या पसंतीनं उपम्याकडे गेली आणि उपमा चाराविरुद्ध पाच मतांनी निवडून आला. "साबुदाणा काल संध्याकाळपासून भिजलाय, त्याला मत नाही का?" असं वहिनी शांतपणे म्हणाल्या. दादांनी लोकशाहीत भिजलेल्या साबुदाण्याचं स्थान काय, यावर विवेचन केलं. ते संपेपर्यंत वहिनींनी खिचडी केली. आम्ही सगळ्यांनी ती खाल्ली, दादांनी दोनदा घेतली, पण नोंदवहीत मात्र निकाल उपमा असाच लिहिला.

अशा माणसाच्या घरी एक दिवस पक्षाचं पत्र आलं. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरला असून सर्व सभासदांनी उत्साहानं कामाला लागावं, असा मजकूर होता. आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष जनता थेट मतदानानं निवडते, पण पक्षाचा उमेदवार कोण हे त्या पक्षात खासदारच आपसांत ठरवत. दादांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं घरात काहीतरी झालं. "मला पत्रानं कळवून राहिले, जावईबापू! लग्न ठरवून मग नवरदेवाला कळवतात तसं! राष्ट्राध्यक्ष निवडायला मी शहाणा, आणि उमेदवार निवडायला अडाणी?" त्या आठवड्यात त्यांनी ठराव लिहून काढला. उमेदवार निवडताना प्रत्येक सभासदाला एक मत असावं, तेही पसंतीक्रमानं, आणि खासदाराच्या मताची किंमत सामान्य सभासदाएवढीच असावी. ठराव तीन ओळींचा आणि प्रस्तावना अठरा पानांची.

पक्षाच्या स्थानिक शाखेत तेव्हा सगळे मिळून सात जण येत. अध्यक्ष होते एक निवृत्त गुरांचे डॉक्टर. दादा बोलायला लागले की ते प्रेमानं मान डोलवायचे, "अगदी बरोबर बोललात, डॉक्टर" म्हणायचे आणि पुढचा विषय घ्यायचे. इथं कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. 'अगदी बरोबर' म्हणजेच नाही, हे कळायला दादांना पाच बैठका लागल्या. सगळी प्रस्तावना ऐकणारी व्यक्ती एकच, नोराबाई. वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी गावातलं पोस्ट सांभाळलं होतं. ऐकताना त्या लोकरीचं काहीतरी विणत. अठराव्या पानानंतर त्यांनी विचारलं, "म्हणजे मला विचारल्याशिवाय माझा उमेदवार ठरवायचा नाही, एवढंच ना?" दादा पानं मिटून म्हणाले, "हो. एवढंच."

पुढं गुडघ्यांनी दगा दिला म्हणून गुरांच्या डॉक्टरांनी अध्यक्षपद सोडायचं ठरवलं. ते दादांना म्हणाले, "आता तुम्हीच घ्या. कोणाची हरकत नाही." दादांची वर्षभराची धडपड एका चहात सुफळ होत होती, कारण शाखेचा ठराव पक्षाच्या अधिवेशनात मांडायचा मान शाखाध्यक्षाचा असे. दुसरा कोणी असता तर त्यानं खुर्ची ओढून घेतली असती. दादा म्हणाले, "निवडणूक झाली पाहिजे." निवडणुकीला दुसरा उमेदवार हवा, आणि उभं राहायला कोणी तयार नव्हतं. मग दादा स्वतः नोराबाईंच्या घरी गेले आणि तीन कप चहा पिऊन त्यांना आपल्याच विरुद्ध उभं केलं.

मतमोजणीला तटस्थ माणूस हवा म्हणून मला मेनूथहून बोलावण्यात आलं. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला फट पाडून मतपेटी केली होती. सात चिठ्ठ्या निघाल्या. सहा उघडल्या तेव्हा तीन-तीन झाले होते. सातवी मी उघडली. नोराबाईंच्या नावापुढे आकडा होता '१' आणि दादांच्या नावापुढे '२'. दादा आकडे मराठीत घालून बसले होते! गुरांच्या डॉक्टरांनी चष्मा चढवून चिठ्ठी पाहिली आणि तोड काढली, "नोराला नऊ दिलेत, डॉक्टरांना दोन. म्हणजे यानं डॉक्टरांनाच वरचा क्रम दिलाय. डॉक्टर चार, नोरा तीन. अभिनंदन!" टाळ्या वाजल्या. त्या खोलीत तो आकडा वाचता येणारी माणसं दोनच होती. मी दादांकडे पाहिलं. मी काही बोललो नाही, हे आज कबूल करतो. गप्प बसलं की झालं, ठराव अधिवेशनात पोचला, असं मला मनापासून वाटत होतं.

दादा उभे राहिले. "ते नऊ नाहीत," ते म्हणाले, "तो आमच्या भाषेतला एक आहे. मत माझं आहे. स्वतःलाच पहिली पसंती देणं मला बरं वाटेना. नोरा निवडून आल्या." नोराबाईंनी विणकाम खाली ठेवलं. "पण डॉक्टर, मी तर तुम्हाला दिलं होतं," त्या म्हणाल्या, आणि मग त्याच आधी हसायला लागल्या.

परतताना गाडीत मी म्हणालो, "दादा, ठराव हातचा गेला हो." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो आकडा चुकीचा वाचून निवडून आलो असतो, तर अधिवेशनात कोणत्या तोंडानं बोललो असतो?"

पण ठराव हातचा गेला नाही. नोराबाई काठी टेकत अधिवेशनाला गेल्या. प्रस्तावना त्यांनी पर्समधून बाहेरच काढली नाही. तीन ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी लोकांची पत्रं पोचवली. पण माझा उमेदवार मला पत्रानं कळावा, हे मला आवडलेलं नाही." दादा मागच्या रांगेत बसले होते. ठराव मंजूर झाला तेव्हा ते टाळ्या वाजवायचेही विसरले, असं वहिनी सांगतात.

मात्र इथल्या राष्ट्राध्यक्षाची मुदत सात वर्षांची, आणि नवीन राष्ट्राध्यक्षांचं आत्ता कुठे पहिलं वर्ष सरलं आहे; म्हणजे नव्या नियमानं उमेदवार निवडायची पाळी यायला अजून बरीच वर्षं आहेत. निवृत्तीनंतर नागपूरला परतायचा बेत दादांनी पुढं ढकलला आहे. दर रविवारी ते रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन नोराबाईंकडे जातात, मीठ कमी करा म्हणून त्यांना दम देतात. परवा मीही बरोबर होतो. दादांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. पुन्हा पाहिला. "छान आहे," असं नोराबाईंना म्हणाले. बाहेर आल्यावर गाडीशी थांबून त्यांनी मागं वळून पाहिलं. नोराबाई खिडकीतून हात हलवत होत्या. दादांनीही हलवला.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "सात वर्षं म्हणजे फार होतात हो. ही मुदत पाचावर आणायची असेल, तर ठराव कुठं मांडावा लागतो?"