मयताला आले, मत देऊन गेले

मोखाड्यात कचेरीबाहेर टेबल टाकून मी चोवीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय. जातीचा दाखला, रेशनकार्ड, बापाच्या नावातली चूक, सगळं. नगरपंचायतीची निवडणूक आली की उमेदवारही माझ्याकडेच येतात, आणि उमेदवार म्हटलं की माझं डोकं फिरतं. अर्ज भरायच्या आधीच निवडून आल्यासारखे बोलतात मेले. म्हणून माघीबाय समोर आली तेव्हा मला वाटलं, निराधार योजनेचा अर्ज असणार.

"लिव भाऊ," ती म्हणाली, "मना निवडनुकीला उभं ऱ्हायाचं हाय."

साठीची बाई. पायात चप्पल नाही.

"पक्ष?"

"नाय."

"शिक्षण?"

"नाय."

"व्यवसाय?"

"बाळंतपनं."

मी 'सुईण' असं लिहिलं. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण कातकरीवाडीतला पंचविशीच्या वरचा एकेक माणूस तिच्या हातात जन्मलेला. चाळीसेक घरांची ही वाडी आमच्या प्रभागाच्या पार वरच्या टोकाला आहे. नगरपंचायतीचा नळ खाली शाळेपाशी येऊन थांबतो तो थांबतोच.

"पोर आला का पयला काय लागतं? पानी," ती म्हणाली. "वाडीत पोर आला का बाप हंडा घिऊन खाली पळतो. पोर रडून रडून झोपी जातो, तरी पानी येत नाय. वाडीत नळ नेल्याबिगर मी गप बसायची नाय."

तिनं चिन्ह बादली मागितलं आणि मिळालंही. अडचण निराळीच होती. मतदान डिसेंबरात, आणि दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. सगळी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. मागे राहतात म्हातारी माणसं, कोंबड्या आणि कुत्री. समोरच्या उमेदवार सुषमाताई; पक्ष मोठा, जीपवर भोंगा. त्यांचा नवरा माझ्याच टेबलाशी बसून म्हणाला, "वरच्या वाडीत प्रचार कुणाचा करू, कोंबड्यांचा?" मी हसलो. खोटं कशाला बोलू, चांगला पोट धरून हसलो.

माघीबायनं मात्र शेजारच्या योगिताचा मोबाईल घेऊन भट्टीभट्टीला फोन लावले. "ज्यांची पयली आंघोळ मी घातली, ती यायची नायत?" असं मलाच विचारायची. मध्येच म्हणाली, "जीप धाडू का?" मी हात जोडले. उमेदवारानं मतदार वाहून आणले तर गुन्हा होतो, हे तिला समजावून सांगितलं. तिनं जीप सोडून दिली.

फोनवर उत्तर एकच यायचं, शेठ सोडत नाही. मतदानाची सुट्टी कायद्यात असते, भट्टीवर नसते. भट्टी लागली की लग्नाला सुट्टी नाही, तापाला नाही. सुट्टी मिळते ती एकाच गोष्टीला, मयताला. मयताला अडवलं तर अख्खं बिऱ्हाड उठून जातं, हे शेठलाही ठाऊक असतं.

मतदानाच्या दोन दिवस आधी ती माझ्या टेबलाशी बसली होती, तेव्हा तिच्या भाच्याचा, मुकेशचा फोन आला. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर चालू.

"आत्या, रागावू नको. तुला मारली मी."

"कशानं?"

"तापानं."

माघीबायनं थोडा विचार केला. "तापानं नको. इतकं दिस कुठं हुतास, इचारंल शेठ. साप चावला म्हन."

मी कपाळावर हात मारला. "माघीबाय, हे बरोबर नाही."

"मी कुठं लिवून दिलंय?" ती म्हणाली आणि फोनवर वळली. "मारलीस तर मारलीस. मत द्याया ये."

मुकेश स्वतःपुरतं बोलला होता. पण ही युक्ती संध्याकाळपर्यंत सात भट्ट्यांवर गेली आणि सातही शेठना एकच बाई मेल्याचं कळलं. घोटाळा एवढाच झाला, की वसईकडच्या एका भट्टीवर बातमी पोचली ती दुसऱ्या दिवशी, आणि खरी म्हणूनच. तिथं गंगी होती.

गंगी म्हणजे माघीची धाकटी जाऊ. सात वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. गंगीच्या लेकीचं पोटातलं मूल आडवं होतं. माघीनं घरात हात लावायचं नाकारलं आणि पोरीला गाडीत घालून जव्हारच्या दवाखान्यात धाडलं. लेक वाचली, नात वाचली. पण "परक्यांची पोरं काढलीस, माझ्या लेकीला हात लावाया तुला काय झालं?" हा राग गंगीच्या मनात बसला तो बसलाच.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला मी वाडीत गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. काळजी वाटत होती, म्हणून गेलो. बघतो तर वाडी गजबजलेली! रात्रभर टेम्पो-जीप बदलत, पदरचं भाडं भरून माणसं आलेली, चुली पेटलेल्या, पोरं कोंबड्यांमागे. एकजण दुसऱ्याला विचारत होता, "तुझी आजी कशानं मेली?" "सापानं. तुझी?" आणि हसून हसून दोघं खाली बसले होते.

तेवढ्यात वेशीवरून रडणं ऐकू आलं.

मयताच्या घरी येणारी बाई वेशीपासूनच रडत येते. मनात असेल ते सगळं त्या रडण्यात सांगते, आणि तिचं रडणं संपेपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नसतं. म्हणून गंगी मयताच्या अंगावर घालायचं कोरं लुगडं छातीशी धरून आली, तेव्हा हसणारी माणसं जागच्या जागी गप्प झाली. खरं काय ते तिला सांगायचं कुणी?

माघीच्या दारात बसून ती कपाळ बडवू लागली. "गे माघीबाय, मना टाकून गेलीस गे! पोर आडवं हुतं, तू गाडीत घातलीस म्हनून लेक ऱ्हायली गे, नात ऱ्हायली गे! मना समदं कळत हुतं, सांगाया तोंड नव्हतं गे! सात वर्सं तुझ्या दारावरून मान फिरवून गेली गे!"

मी खिडकीशी उभा होतो. आत माघीबाय भिंतीला टेकून बसली होती, तोंडात पदर कोंबून, आणि डोळ्यांतून धारा. ती बाहेर आली नाही. सगळं ऐकून घेतलं. गंगीचा आवाज बसला, तेव्हा दार उघडून म्हणाली, "थांबलीस कशाला? अजून म्हन की."

गंगीनं किंकाळी फोडली, मग शिव्या दिल्या. काय एकेक शिव्या! मग तेच लुगडं माघीच्या अंगावर फेकून तिच्या गळ्यात पडली. माझेही डोळे भरून आले. चोवीस वर्षांत कुठल्या उमेदवारासाठी मी रडलो नव्हतो. मग अख्खी वाडी मिळून मतदानाला गेली, गंगी सगळ्यांच्या पुढे.

माघीबाय एकोणीस मतांनी आली. सुषमाताईंनी स्वतः येऊन हार घातला आणि कानात म्हणाल्या, "आजी, हा हार मी दोन दिवस आधीच आणून ठेवला होता." म्हणजे बातमी त्यांच्यापर्यंतही पोचली होती. दोघी खूप हसल्या.

नळाचा अर्ज मी निकालाच्याच दिवशी लिहिला, फुकट. पाइप आता शाळा ओलांडून चढणीला लागलाय.

पहिल्या सभेला माघीबाय निघाली, तेव्हा अंगावर कोरं लुगडं होतं. त्या हंगामात गंगी भट्टीवर परत गेली नव्हती. कचेरीच्या पायरीशी ती वाकून माघीच्या निऱ्या नीट करत होती.

मी म्हटलं, "माघीबाय, नवं घेतलंत?"

"घेतलं कुठं? माझ्या मयताचं हाय."

गंगीनं निरी चापून बसवली आणि वर न बघताच म्हणाली, "जपून नेस. मी दुसरं आनायची नाय. ह्ये फाटंस्तोवर तुला मराया परवानगी नाय."