आक्काबाईची चूल घोडेगावला जाते

केडगावच्या आक्काबाईची चूल विझत नसे. कौतुक म्हणून सांगत नाही, खरंच विझत नसे. रात्रीच्या भाकरी झाल्या की ती निखारे राखेत पुरायची, वर शेणीचा तुकडा ठेवायची आणि पहाटे राख बाजूला सारून फुंकर घातली की जाळ हजर. सासूनं मरताना तिच्या हाती दिलेली इस्टेट ती एवढीच. प्लेगात गाव रानात राहायला गेलं, तेव्हा या सासूनं विस्तव घमेल्यात घालून रानात नेला होता आणि तसाच परत आणला होता. "ह्यो इझू देऊ नगं," एवढं बोलून म्हातारी गेली. सुनेनं ते असं मनावर घेतलं की नवरा वारला त्या दिवशी घरात अन्न शिजलं नाही, पण राखेखाली विस्तव जागा होता.

लढाई सुरू झाल्यापासून काड्यापेटी औषधालाही मिळेना. सकाळी आळीतल्या बायका शेणीचे तुकडे घेऊन आक्काबाईच्या दारात उभ्या राहायच्या. ती प्रत्येकीला चार शब्द सुनवायची आणि प्रत्येकीला विस्तव द्यायची. कुणाला नाही म्हटलेलं कुणाला आठवत नाही.

बाई सोन्यासारखी, पण हट्टी. एकुलती एक लेक झुंबरबाई घोडेगावला दिलेली, आणि आईनं अजून तिचं घर पाहिलं नव्हतं. का, तर चूल कुणावर सोपवायची? शेजारची हमिदा म्हणे, "मी सांभाळते की, आक्का." त्यावर उत्तर तयार असे : "तू? तुझं दूध उतू जाऊन कोळसा हुतं तवा तुला वास येतो." विस्तव बरोबर न्यावा, तर कडबा अंथरलेल्या बैलगाडीत कुठला गाडीवान घेणार? लेकच माहेरी यायची. दोनदा बाळंतपणाला आली, दोन्ही वेळा पोर जगलं नाही आणि ती रिकाम्या हातांनी परत गेली. तिसऱ्या खेपेला सासरच्यांनी तिला पाठवलं नाही. दिवस भरत आले तेव्हा घोडेगावच्या बाजाराहून परतणाऱ्या माणसाबरोबर तिनं निरोप धाडला, "आईला म्हनावं, या टायमाला मला तू पायजे. न्हाई आलीस, तर चूलच तुझी लेक समजंन."

आक्काबाई त्या दिवशी जेवली नाही. चुलीपुढं नुसती बसून राहिली.

हमिदाचा नवरा दिलावर मिस्त्री विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. गावोगाव फिरायचं, कुणाच्या तरी ओसरीवर पडायचं, याला तो कंटाळला होता. मग त्यानं मोडीत निघालेली एक लॉरी घेतली आणि तिच्या पाठीवर लाकडाची खोली बांधली. खोलीत झोपायला फळी, भांड्यांना मांडणी, खिडकीला हमिदाच्या जुन्या लुगड्याचा पडदा, आणि कोपऱ्यात मातीनं भरलेल्या पेटीत चक्क चूल. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मागं लोखंडी टाकी बसवलेली. तिच्यात कोळसा पेटवायचा, पंखा हातानं फिरवायचा, मग त्या गॅसवर इंजिन चालायचं. पहिली फेरी घोडेगावकडची ठरली.

"आक्का," दिलावर म्हणाला, "चूल घे आन चल."

आक्काबाईनं मोटार सगळीकडून तपासली, नावं ठेवली आणि दुसऱ्या दिवशी शेणाची पाटी घेऊन आली.

"अगं, मोटार हाय ही! मोटार कुनी सारवतं का?"

"घर म्हनतोस न्हवं? मग बिनसारवल्या घरात मी विस्तव ठेवायची न्हाई."

सारवलेली मोटार सकाळी निघाली. टाकी पेटवायला विस्तव अर्थातच आक्काबाईचा. नगर शहरातून जाताना लोक थांबून बघत होते. हमिदा पडद्याआडून हसत होती. आक्काबाईला मात्र बाहेर बघायला फुरसत नव्हती. ती चुलीला चिकटून बसली होती आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी पेटी धरत होती.

जेऊर मागं पडलं. इमामपूरचा घाट समोर दिसू लागला आणि मोटारीनं खोकून खोकून मान टाकली.

दिलावरनं टाकी उघडली. आत विझलेला, ओलसर काळा ढीग. तो खोलीत आला आणि कोळशाच्या पोत्याकडं बघत राहिला. पोत्यावर पाण्याचं नवं कोरं मडकं होतं. पाणी गार राहील म्हणून आक्काबाईनंच ते सकाळी तिथं ठेवलं होतं. मडकं पाझरून पोतं ओलं झालं होतं आणि वाटेत टाकीत पडलेला कोळसा त्यातलाच होता. दिलावरनं मडकं उचलून बाजूला ठेवलं. तो ओरडला असता तर आक्काबाईला बरं वाटलं असतं.

फळीखाली एक पोतं कोरडं निघालं. त्यानं टाकी साफ करून भरली आणि थांबला.

"काडी लाव की," आक्काबाई म्हणाली.

"काडी असती, तर रोज तुझ्या दारात शेनी घिऊन आलो असतो व्हय?"

आसपास वस्ती नाही, जेऊर बरंच मागं राहिलेलं, रस्त्यावर गाडी नाही. चालत जावं तर आक्काबाईचे गुडघे घाटाआधीच बसले असते. विस्तव होता तो त्या पेटीतल्या राखेखाली.

तिनं आधी निम्मे निखारे दिले. दिलावरनं घाम गळेपर्यंत पंखा फिरवला. धूर आला, निखारे काळे पडले, संपलं. तो बाजूला झाला. उरलेलेही दे, असं म्हणायची त्याची हिंमत नव्हती.

आक्काबाई चुलीपुढं बसली. राख सारली. मूठभर निखारे तिच्याकडं लाल डोळ्यांनी बघत होते. सासूचा चेहरा आठवला, पण कानात लेकीचाच निरोप घुमत होता.

"आत्याबाई, माफी करा," ती मोठ्यानं म्हणाली, आणि सगळेच्या सगळे निखारे चिमट्यानं उचलून घमेल्यात घेतले.

टाकीच्या तोंडाशी ते तिनं स्वतः मांडले. दिलावरनं पंख्याला हात घातला तशी ती खेकसली, "हळू! तान्ह्या पोराला असं हलवत्यात व्हय?" मग रस्त्यावर पालथी पडून तिनं फुंकणी लावली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुरानं होतं असं ती पुढं सांगायची. एक कोळसा उजळला, शेजारचा उजळला. "आता फिरव," ती म्हणाली.

मोटार घाट चढली. आक्काबाई रिकाम्या चुलीकडं पाठ करून बसली होती आणि हमिदानं तिचा हात धरून ठेवला होता.

घोडेगावात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. झुंबरबाई कळा देत होती. आक्काबाई पदर खोचून तडक आत गेली आणि थोड्याच वेळात पोराच्या रडण्याचा आवाज आला. खणखणीत आवाज. आक्काबाई दारात येऊन ओरडली, "पानी तापवा रं कुनीतरी!" पण धावपळीत घरातली चूल केव्हाच विझली होती.

दिलावरनं टाकीचं दार उघडलं, घमेलं पुढं केलं आणि त्यात लालबुंद निखारे ओढले.

"घे आक्का. तुझाच हाय."

आक्काबाई घमेल्याकडं बघतच राहिली. मग तिनं ते पोटाशी धरून आत नेलं आणि लेकीची चूल पेटवली. पाणी तापलं, नात न्हाली.

बाजेवरून झुंबरबाई बघत होती. क्षीण आवाजात म्हणाली, "आये, माझ्यासाठी चूल सोडून आलीस?"

आक्काबाईनं जाळ सारखा केला.

"सोडून कशाला?" ती म्हणाली. "तिनंच वढून आनलं मला."