बिल्ल्याच्या कडेची मुंगी

छातीवर टाचणीने लावायचा गोल बिल्ला पाहणारा माणूस त्याचे चित्र पाहतो. तो घडवणाऱ्याची नजर मात्र कडेवर असते. पत्र्याची चकती, तिच्यावर छापील कागद, कागदावर पारदर्शक पापुद्रा, हे तिन्ही थर हातयंत्राच्या पहिल्या दाबात एकत्र येतात. दुसऱ्या दाबात कागदाची आणि पापुद्र्याची कड मागे वळते आणि टाचणीच्या कड्याखाली कायमची अडकते. म्हणजे प्रत्येक बिल्ल्यात चित्राचा गव्हाच्या दाण्याएवढ्या रुंदीचा एक पट्टा असतोच, आणि तो कुणालाही दिसत नाही. थोरलीची उमेदीची सगळी वर्षे हा पट्टा मागे वळवण्यात गेली.

दोन भावांचा तो बिल्ल्यांचा कारखाना. ‘कारखाना’ हा शब्द दारावरच्या पाटीपुरता खरा. एरवी रस्त्यालगतच्या दोन खोल्या, आणि लाकडी जिना चढून वर राहण्याची जागा. थोरला भाऊ गिऱ्हाइके मिळवी, धाकटा छापखान्याच्या खेपा घाली. थोरली या थोरल्याची बायको होऊन आली तेव्हा यंत्र खिडकीखालच्या बाकाला पक्के केलेले होते. वर्षभरात त्याची मूठ तिच्या हातात आली, आणि पुढे अक्षरेही. शाळांच्या शर्यती, संघटनांचे मेळावे, निवडणुका, औद्योगिक प्रदर्शने, ज्याच्या त्याच्या बिल्ल्यावर तिने रेखलेली अक्षरे गोलाईने बसत आणि शेवटच्या शब्दाला कधी दाटी होत नसे. हे कसब होते. त्याला कुणी कसब म्हटले नाही, याची खंतही तिला तेव्हा नव्हती. खंत वाटायला शेजारी दुसरे कुणीतरी असावे लागते.

ती दुसरी धाकट्याशी लग्न करून आली. अंगाने बारीक, आणि हात सदैव कशात तरी गुंतलेले, म्हणून सासूने तिला आल्या आठवड्यात ‘मुंगी’ म्हटले आणि तेच नाव राहिले. मुंगी चित्रे काढी. पहिल्यांदा तिने एका सायकल क्लबसाठी चाकावर बसलेली चिमणी काढली, तेव्हा क्लबचा चिटणीस ती हातात धरून इतका वेळ हसत राहिला, की थोरल्याने त्याच दिवशी यंत्र भिंतीकडे हलवून खिडकीखाली चित्राचे टेबल लावायचे ठरवले.

“चित्राला उजेड लागतो,” तो बायकोला म्हणाला. “तुला काय, हातच चालवायचाय.”

“हातच ना? मग डोळे काढून खुंटीला टांगते. अडचण नको तुम्हाला.”

थोरला हसला. यंत्र हलले. थोरलीच्या मत्सराची तारीख शोधायची झाल्यास ती हीच धरावी लागेल. कारण पुढे जे जे तिच्या वाट्याचे कमी झाले, ते तिने त्या खिडकीच्या हिशेबातच मोजले. गिऱ्हाइके म्हणू लागली, “अक्षरं थोडी बारीक करा हो, त्या वहिनींचं चित्र मोठं येऊ दे.” मग अक्षरे बारीक होत. मुंगीचा नवरा बाहेरून आला की आधी टेबलापाशी थांबे. सासूसुद्धा दुपारी खुर्ची घेऊन तिथे बसू लागली. यंत्राच्या खडखडाटात डोके दुखते, ही तक्रार तिला मुंगी येण्यापूर्वी कधी सुचली नव्हती. आणि मुंगीत खोट काढावी, तर ती सापडत नसे. ती उर्मट असती, आळशी असती, निदान स्वयंपाकात तरी कच्ची असती, तर थोरलीला सुखाने रागावता आले असते.

एकदा मात्र खोट सापडली. सायकल क्लबच्या त्या पहिल्या चित्रात मुंगीने सहीच्या जागी एक इवलीशी मुंगी काढली होती, अगदी कडेला. कड मागे वळते हे तिला ठाऊक नव्हते. थोरलीला ठाऊक होते. तिने कागद पाहिला आणि एक शब्द न बोलता तो छापखान्यात जाऊ दिला. शेकडो बिल्ले तयार झाले आणि एकाही बिल्ल्यावर मुंगी नव्हती. ती रडेल, निदान तोंड तरी उतरेल, म्हणून थोरली यंत्रापाशी रेंगाळत राहिली. मुंगीने बिल्ला हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला.

“खाली गेली वाटतं,” ती म्हणाली. “बरंय. सावलीत राहील.”

त्यानंतर तिने प्रत्येक चित्रात मुद्दाम, मोजून, वळणाऱ्या पट्ट्यातच मुंगी काढली. पहिली काही वर्षे थोरलीला तो रोजचा टोमणा वाटे. गोल कातरीने कागद कापताना ती मुंगी समोर आली की ती यंत्राची मूठ गरजेपेक्षा जोरात दाबी. पण हाताला सवय झाली की डोळा आळशी होतो. पुढे पुढे तिची नजर कागदाच्या आतल्या वर्तुळापर्यंतच जाऊ लागली. कड म्हणजे वळणारा भाग, त्यात पाहण्याजोगे काही नाही, असे तिच्या डोळ्यांनी परस्पर ठरवून टाकले. या कहाणीत पुढे जे घडले, ते या एका सवयीमुळे.

मग पुलाचा बिल्ला आला. नदीवरचा नवा पूल खुला होणार होता आणि त्या दिवशी वाटायला बिल्ले हवे होते. मुंगीने तीन कमानी काढल्या आणि मधल्या कमानीखालून चाललेल्या नावेत छत्री उघडून बसलेली एक बाई. समितीच्या लोकांनी ते चित्र पाहिले आणि म्हणाले, यावर अक्षरे नकोतच, गावाला कळेल. गावाला कळले. लोकांनी तो बिल्ला पूल खुला झाल्यावरही काढला नाही. कोटांना, पिशव्यांना, पोरांच्या टोप्यांना तो महिनोन्महिने दिसत राहिला. कारखान्यातून गेलेला सर्वांत गाजलेला बिल्ला, आणि त्यावर थोरलीचे एक अक्षर नव्हते.

दोघे भाऊ गेले. पाठोपाठ कारखाना मिटला. यंत्रावर चादर आली. वरच्या खोल्यांत दोघी जावा राहिल्या. एकीला गुडघ्यांचा त्रास, दुसरीला पाठीचा, आणि एकाच चहाच्या भांड्यावरून दोघींची रोजची कुरबूर. अशा दिवसांत मास्तर जिना चढून आले.

मास्तर म्हणजे भूमितीचे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर बिल्ले गोळा केलेले. आता वाचनालयाच्या वरच्या दालनात त्यांचे प्रदर्शन मांडणार होते. मुंगी तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेलेली होती. मास्तरांनी मखमली तबक टेबलावर उघडले आणि चहा थंड होईपर्यंत थोरलीला बिल्ल्यांची कुळकथा सांगितली.

“आधी नुसती पितळेची बटणं होती. दूरच्या एका देशात पहिला राष्ट्राध्यक्ष शपथ घेणार, म्हणून लोकांनी ती अंगरख्याला शिवून घेतली. मग पत्र्यावर उतरवलेले चिमुकले फोटो आले, उमेदवाराचं तोंड थेट छातीवर. सेल्युलॉइड निघालं तेव्हा त्याच्या पापुद्र्याखाली कागद घालायची युक्ती सुचली कुणाला तरी. एकोणिसावं शतक संपता संपता. तंबाखूच्या पाकिटाबरोबर फुकट मिळायचे.”

“फुकट?”

“म्हणून तर कुणी जपले नाहीत. आणि म्हणूनच आज मिळत नाहीत.”

“तिथं दाब कोण द्यायचं?” थोरलीने विचारले.

“ते कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. बहुधा बायकाच असतील.”

मग त्यांनी पुलाचा बिल्ला उचलला आणि थेट उलटा केला. आजवर तिच्यासमोर कुणा बाहेरच्याने बिल्ला उलटा करून पाहिला नव्हता. भिंग लावून ते कडेवरून नजर फिरवत राहिले. “सुरकुती नाही कुठं,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत गंजाला आत शिरायला फट मिळालेली नाही. हा दाब ज्या हातानं दिला ना, त्या हाताला मोजमाप लागत नसणार.”

“माझाच हात,” थोरली म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

“वा.” मास्तरांनी खिशातून कोरे कार्ड काढले. “आणि चित्र? चित्र कुणाचं?”

इतक्या वर्षांनी दारात आलेले कौतुक पुन्हा खिडकीखालच्या टेबलाकडे निघाले होते. टेबल तर कधीच विकले गेले होते, तरी ते तिकडेच निघाले होते.

“तेही माझंच,” थोरली म्हणाली.

आणि मग, थोरपणाला शोभेल अशा उदारपणाने, तिने कपाटातून पत्र्याचा डबा काढला. पुलाच्या वेळी पापुद्रा कमी पडल्याने कापून तसाच राहिलेला एक छापील कागद तिने जपला होता. चकती, कागद, पापुद्रा, कडे आणि टाचणी असे सगळे सुटे भाग तिने मास्तरांना दिले, बिल्ला कसा घडतो ते लोकांना दिसावे म्हणून. देताना कागद दोन्ही बाजूंनी फुंकर मारून स्वच्छही केला. तिला कमानी दिसल्या, छत्री दिसली. कड दिसली नाही.

मुंगी परत आली. प्रदर्शनाचे आमंत्रण टेबलावरच होते.

“तुझी पाठ दुखतेय,” थोरली म्हणाली. “वाचनालयाचा जिना उभा आहे. राहू दे.”

“तुमच्या गुडघ्यांना चालतो, मग माझ्या पाठीला काय धाड भरलीय? येते मी, जाऊबाई. आपलेच बिल्ले आहेत.”

दालनात काचेच्या पेट्या होत्या. पुलाच्या बिल्ल्याला वेगळी पेटी, आणि तिच्यावर कार्ड: चित्र व घडण, आणि पुढे एकट्या थोरलीचे नाव. मुंगीने चष्मा पुसला, कार्ड वाचले, पुन्हा चष्मा पुसला. थोरली शेजारी उभी राहून शेजारच्या पेटीतले एका फुटबॉल संघाचे बिल्ले विलक्षण आस्थेने पाहत होती.

“छान दिसतंय नाव,” मुंगी म्हणाली. आवाजात काही नव्हते. थोरलीने पुष्कळ शोधले, पण नव्हते.

तेवढ्यात मास्तर आले. “बरं झालं भेटलात. मांडतानाच विचारायचं राहून गेलं,” ते थोरलीला म्हणाले आणि सुट्या कागदावर भिंग धरले. “इथं, वळणाऱ्या भागात, बारीकशी मुंगी आहे. ही कशाची खूण?”

थोरलीने वाकून पाहिले. ती तिथेच होती, सहा पायांवर, कमानीच्या बाहेर, इतकी वर्षे सावलीत राहिल्याने शाई न विटलेली. उत्तर शेजारून आले.

“छापखान्यातल्या कुणाची तरी असेल,” मुंगी सहजपणे म्हणाली. “ती माणसं असले खेळ करायची. नाही का हो, जाऊबाई?”

मास्तरांनी मान डोलावली. प्रकरण मिटले. मुंगी पुढच्या पेटीकडे वळलीसुद्धा.

इथे एखाद्याला वाटेल, की थोरलीला पश्चात्ताप झाला. झाला नाही, असे खात्रीने म्हणता येत नाही. पण जे आधी झाले ते वेगळे होते. तिच्या डोळ्यांसमोर ती खिडकी आली. उजेड गेला, गिऱ्हाइके गेली, सासूची खुर्ची गेली, अक्षरे बारीक होत होत नाहीशी झाली. आणि आज, मोठ्या मनाने देऊन टाकण्याची एकमेव संधी आली तर तीही हिनेच पटकावली. आता हिने दान केलेल्या श्रेयाखाली काचेत बसून राहायचे. हे तिला कोणत्याही अपमानापेक्षा असह्य झाले.

“मास्तर,” ती जरा मोठ्याने म्हणाली. “हिला आम्ही घरात मुंगी म्हणतो.”

मास्तरांनी भिंगाकडे पाहिले, मग बारीक अंगाच्या त्या बाईकडे, मग कार्डाकडे. भूमितीच्या शिक्षकाला याहून अधिक पायऱ्या लागत नाहीत.

“दाब माझाच आहे,” थोरली म्हणाली. “तेवढं खोडू नका.”

उतरताना दोघी कठड्याला धरून एक एक पायरी टेकत होत्या.

“कशाला सांगितलंत?” मुंगीने विचारले.

“तू कशाला झाकलंस?”

“मला खरंच छान वाटलं होतं तुमचं नाव तिथं.”

“तेच म्हणते मी,” थोरली म्हणाली. “खरंच वाटतं तुला. खाली बघ, पायरी तुटकी आहे.”

नवे कार्ड मास्तरांनी घाईत लिहिले होते. दुसऱ्या दिवशी थोरली एकटीच दालनात गेली, ते वाचले आणि म्हणाली, अक्षरे नदीत पडल्यासारखी दिसताहेत. कोरे कार्ड द्या. घरी तिने दौत, टाक आणि पट्टी काढली, आणि यंत्रावरची चादर बाजूला करून तोच बाक भिंतीच्या अंधारातून दाराच्या उजेडात ओढून त्यावर दोन ओळी लिहिल्या. चित्र, आणि मुंगीचे पूर्ण नाव. घडण, आणि स्वतःचे. त्या बिल्ल्याशेजारी तिची अक्षरे अशी प्रथमच आली.

कार्ड आजही तिथे आहे. दोन्ही ओळींची उंची पट्टीने मोजून सारखी, अंतर सारखे, समास सारखा. फक्त दुसऱ्या, स्वतःच्या नावाच्या ओळीसाठी टाक बदललेला आहे. तिच्या रेघा केसभर जाड आहेत. मास्तरांनी कडा, कमानी, गंज सगळे भिंगातून पाहिले, पण हे त्यांच्या लक्षात आलेले नाही. मुंगीच्या आले. ती कार्डासमोर बराच वेळ उभी राहिली, थोरलीकडे पाहून किंचित हसली आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही, हेच थोरलीला अजून सलते.