काय चुकलं ते न सांगणारा प्रोग्रॅम

साजगावच्या एका कारखान्यात ट्रकच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. ट्रक काट्यावर आला की वजन घ्यायचं, गाडीचा नंबर वाचायचा, पावती छापायची. यातलं काहीही फसू शकतं, म्हणून प्रत्येक कामाखाली मी तपासणी टाकली होती: फसलं असेल तर थांब, आणि नेमकं काय फसलं ते पडद्यावर सांग. कामाच्या ओळी मूठभर, तपासणीच्या ढीगभर. वाचताना मलाच वैताग यायचा.

आमच्या सीनियरना तो पसारा बघवला नाही. मी रजेवर असताना त्यांनी सगळ्या तपासण्या उडवल्या आणि शेवटी एकच ठेवली. कुठेही काहीही बिघडलं तरी पडद्यावर एकच वाक्य: 'काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.'

रजा संपवून खोपोलीच्या ऑफिसात पाय ठेवते तोच काट्यावरच्या ताईंचा फोन.

"मॅडम, काहीतरी चुकलं म्हणतंय. काय चुकलं ते नाय सांगत. आमी प्रयत्न करून करून दमलो."

स्कूटर काढून साजगावला गेले. गेटबाहेर रस्त्यापर्यंत ट्रक उभे, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हते. मी वायरी हलवल्या, नेट बघितलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वाक्य तेच. जेवणाची वेळ टळली. डोकं नुसतं भणभणत होतं. शेवटी एकेक यंत्र उघडून बघताना कळलं, प्रिंटरचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. दाबल्याबरोबर पावती बाहेर आली.

"एवढंच होतं?" ताई म्हणाल्या. "मग तसं सांगाया काय झालं त्याला?"

मी तिथूनच सीनियरना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "अगं, पण कोड किती सुटसुटीत झालाय बघ."

मी फोन ठेवला. काट्याच्या केबिनमध्येच लॅपटॉप उघडला. तपासणी त्यांच्या मनासारखी एकाच ठिकाणी राहू दिली. फक्त प्रत्येक कामाने आपलं नाव, गाडीचा नंबर आणि बिघाडाचं कारण सोबत घेऊनच तिथे जायचं, असं केलं. मग मुद्दाम झाकण उघडलं. पडद्यावर आलं: 'पावती छापता आली नाही. प्रिंटरचं झाकण उघडं आहे.' खाली गाडीचा नंबर. ताईंनी ते मोठ्याने वाचलं आणि झाकण लावलं.

संध्याकाळी ऑफिसात सीनियरनी नवा कोड पाहिला.

"हेच तर मी म्हणत होतो," ते म्हणाले.

मी लॅपटॉप मिटला आणि कर्जतला घरची वाट धरली.