कडेला टेकवलेला ठोकळा

बुधवारी दुपारी चाचणीच्या खोलीत दाबाच्या तेलाचा रबरी होज फुटला आणि दादा गेला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही दोघं भिंगारहून सायकलींवर नगरच्या एमआयडीसीत जायचो. एकच कारखाना, एकच खोली, शेजारशेजारच्या खुर्च्या. कारखान्यात हायड्रॉलिक सिलिंडर बनत. मी ड्रॉइंग काढायचो, आणि सिलिंडरची चाचणी घेणारा प्रोग्रॅम दादा करायचा. हा प्रोग्रॅम लिहायचा नसे, मांडायचा असे. स्क्रीनवर डावीकडच्या पेटीतून एकेक ठोकळा उचलायचा, हवा तिथे ठेवायचा आणि रेघांनी दुसऱ्या ठोकळ्यांना जोडायचा. एक ठोकळा पंप चालू करणारा, एक दाब मोजणारा, असं.

मांडणी वाढत वाढत स्क्रीनच्या बरीच बाहेर गेली होती. आणि माउसला ठोकळा लागलेला असताना ती स्क्रीन सरकत नसे. ठोकळा कडेपर्यंत न्यावा, तर तिथेच अडे. मग तो कडेला टेकवायचा, सोडून द्यायचा, स्क्रीन पुढे सरकवायची, परत उचलायचा. पुन्हा कड आली की पुन्हा तेच. दादानं त्यासाठी जागोजागी मोकळी पट्टी राखली होती. तिला तो एसटीचा थांबा म्हणे. ठोकळा टेकवला की त्याला हळूच सांगे, "उतरू नका, गाडी लगेच निघणार आहे."

आमच्या साहेबांना ती मांडणी आवडत नसे. "काय रे, धुणं वाळत घातलंय का? मध्ये मध्ये एवढी जागा कशाला?" असं सगळ्यांसमोर म्हणायचे. दादा अडचण समजावू लागला की हात झटकायचे. "नाचता येत नाही त्यांची कारणं मला नकोत."

त्या बुधवारी पुण्याहून गिऱ्हाईक आलं होतं. नवा सिलिंडर जास्त दाबाचा, म्हणून दाब मर्यादेबाहेर गेला की पंप बंद करणारा नवा ठोकळा मांडणीच्या शेवटी बसवायचा होता. दादानं तो पेटीतून उचलून पहिल्या थांब्यावर टेकवला. तेवढ्यात दारातून साहेबांची हाक आली.

"चल, पाहुण्यांना मशीन दाखव."

"साहेब, एकच ठोकळा राहिलाय. पंप बंद करणारा."

"तुझी रांगोळी मागनं पुरी कर. माणसं खोळंबलीत."

दादा उठला. जाताना मला म्हणाला, "स्क्रीनला हात लावू नको, मी आलोच." खोलीतल्या जाळीपलीकडे मशीनजवळ उभा राहून तो पाहुण्यांना सिलिंडर दाखवू लागला. पाहुणे चार पावलं मागे होते. साहेब माझ्या शेजारी आले, दादाच्या खुर्चीवर बसले आणि माउस हातात घेतला. "साहेब, ते अजून जोडायचंय," मी म्हणालो. "तू तुझी ड्रॉइंग बघ," ते म्हणाले आणि चाचणी सुरू केली. एखादा ठोकळा कशालाच जोडलेला नसेल, तर ते सॉफ्टवेअर तक्रार करत नसे. त्याला वगळून बाकीचं चालू व्हायचं. दाब चढत गेला, पंप थांबला नाही. होजच्या टोकाचं लोखंड दादाच्या कानामागे लागलं.

चौकशीत मी हे सगळं सांगितलं. साहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "भाऊच तो. आणखी काय सांगणार?" एवढंच म्हणाले.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ते आमच्या घरी आले. वंदना संपली होती, भंतेजी निघाले होते, पांढऱ्या कपड्यातली सगळी वस्ती बसलेली होती. साहेबांनी फोटोला फूल वाहिलं, चहा घेतला आणि आईला म्हणाले, "हुशार होता हो तुमचा मुलगा. पण विसराळू. एक ठोकळा मध्येच ठेवला आणि राहून गेला."

आईनं मान हलवली. "लहानपनापासनं तसाच. दुकानात धाडावं, तर पिशवी कुठंतरी टेकवायचा आन् मोकळ्या हातानं घरी यायचा."

लोक हळहळले. मी सर्वांसमोर म्हणालो, "तो विसरला नव्हता. यांनी त्याला उठवलं." कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबांनी कप खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तो ठोकळा बसवायचं काम मलाच दिलं. तो दादानं टेकवला होता तिथेच होता. मी उचलला, टेकवला, स्क्रीन सरकवली, उचलला.

आईला मी पुष्कळ वेळा समजावलं. स्क्रीन तिला कळेना, म्हणून एकदा हंड्याचं उदाहरण दिलं. "डोक्यावर हंडा असला की कडी काढता येते का? आधी हंडा बाहेरच्या दगडावर टेकवतेस, मग दार उघडतेस. तसंच होतं ते."

"मी कधी हंडा भायेर इसरले न्हाई."

"तोही विसरला नव्हता, आई. त्याला हाक मारली."

"हाक मारली म्हनून हातातलं टाकून जायचं व्हय?"

"साहेबांची हाक होती. आणि मशीन त्यांनीच चालू केलं."

"तुझा भाऊ होता तो, म्हनून तू तसं म्हनतोस. एवढा मोठा मानूस आपल्या दारात यिऊन, फुल वाहून खोटं कशाला बोलंल?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. ती मात्र आल्यागेल्याला सांगते, माझा थोरला लई हुशार हुता, पन इसरभोळा. आपल्याच इसरन्यानं गेला.

कारखान्यात आता नवं सॉफ्टवेअर आहे. ठोकळा कडेला नेला की स्क्रीन आपोआप सरकते. साहेब बढती घेऊन पुण्याला गेले. दादाच्या खुर्चीवर मी बसतो. घरी आई आहे, मी आहे, आणि दाराबाहेर हंडा टेकवायचा दगड आहे.