भाऊबीजेची लष्करी गाडी

अकोल्याच्या आमच्या घरात पुढची अर्धी खोली बाबांच्या आगगाडीची होती. आई गेल्यावर उरलेल्या अर्ध्या खोलीत बाबा, मी आणि धाकटा भाऊ राहायचो. बाबा शाळेत ड्रॉइंग शिकवत आणि घरी पत्रा कापत. महायुद्धाच्या काळात ते बडनेऱ्याला होते. तिथून जाणाऱ्या लष्करी गाड्या त्यांनी मन लावून पाहिल्या होत्या, आणि तशीच एक गाडी त्यांनी घरात उभी केली. इंजिनात मोडक्या गजराच्या घड्याळाची चावी. मालाच्या उघड्या वाघिणींवर शिशाच्या तोफा, मागे खेचरांचा डबा, स्वयंपाकाचा डबा. तोफांवरची ताडपत्री म्हणजे जुन्या छत्रीचं कापड, पण दोरीच्या गाठी अगदी खऱ्या. मी एकदा इंजिनाला झेंडूचं फूल लावलं, तर त्यांनी ते लगेच काढलं. म्हणाले, "गाडी लढाईवर चालली, वरातीत नाही." असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बासष्टच्या दिवाळीत भाऊ चीनच्या लढाईत, नेफाच्या आघाडीवर होता. दसऱ्यापासून त्याचं पत्र नव्हतं आणि रेडिओवरच्या बातम्या ऐकवत नव्हत्या. भाऊ समोर नसला की भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, हे मला ठाऊक होतं. पण चंद्र काही त्याला घेऊन गेला नव्हता, गाडी घेऊन गेली होती. म्हणून मी ताट घेऊन बाबांच्या गाडीपुढे बसले.

ते कळल्यावर शेजारच्या काकूही आल्या. त्यांचा भाऊही फौजेत होता. मग गल्लीतल्या आणखी दोघी आल्या.

"तो कोनत्या डब्यात बसला असन, मले काय ठाऊक बाई," असं म्हणत काकूंनी सगळ्याच डब्यांत करंज्या ठेवल्या. बाकीच्या दोघींनी अनारसे आणि सुपाऱ्या भरल्या. एका तोफेला टेकून लाडू बसला. बाबांकडे बघायची माझी छाती होईना.

बाबांनी चावी दिली. गाडी निघाली, पुठ्ठ्याच्या बोगद्यात शिरली आणि आतच थांबली.

काकूंनी हातातलं ताट खाली ठेवलं. ही खेळण्यातली गाडी आहे हे आम्हा सगळ्यांना समजत होतं, पण त्याचा काही उपयोग नव्हता. गाडी अडली म्हणजे आमचे भाऊच अडले, असं वाटत होतं.

"वजन जास्त झालं," बाबा म्हणाले. मी फराळ काढायला उठले, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. "फराळ राहू दे."

त्यांनी बोगदा उचलून बाजूला ठेवला. गाठी सोडल्या. महिनोन्‌महिने घासून केलेल्या तोफा एकेक करून उतरवल्या आणि जमिनीवर मांडल्या. त्यांची बोटं नीट चालत नव्हती. बाबांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यांचा इतका अभिमान मला पूर्वी कधी वाटला नव्हता. मग त्यांनी पुन्हा चावी दिली. करंज्या घेऊन गाडी रडतखडत आमच्यापुढे आली. आम्ही चौघींनी तिला ओवाळलं.

भाऊ उन्हाळ्यात घरी आला. थंडीने पायाची दोन बोटं गेली होती. पाणीही न पिता तो लंगडत गाडीपाशी गेला.

"बाबा, तोफा कोठी गेल्या?"

"उतरवल्या," बाबा म्हणाले. "त्याईच्या वजनानं गाडी घरी येऊन नव्हती राहिली."